एकाहत्तर वजा बासष्ट

शंभरापैकी ७१. हा आकडा काढायला मला पंधरा मिनिटं लागली. त्यातली पाच मिनिटं पुस्तकं आठवण्यात गेली, उरलेली दहा आकडा ठरवण्यात.

कागद साधाच होता. वर 'मराठीतील १०० अभिजात पुस्तके : आपण किती वाचलीत?' असं ठळक अक्षरांत, खाली तीन रकान्यांत नावं आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. कॉलनीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी घरटी एक वाटलेला. चौकोनात खूण करायला अक्कल लागत नाही, पण एकूण किती खुणा करायच्या याला लागते. नव्वदच्या वर गेलं की लोक संशय घेतात. पन्नासच्या आत राहिलं की मान देत नाहीत. साठ म्हणजे फर्स्ट क्लास, पण फर्स्ट क्लासला हल्ली विचारतं कोण? सत्तर बरे, पण नेमके सत्तर म्हणजे अंदाजपंचे ठोकून दिल्यासारखे दिसतात. ७१ कसे, आहेराच्या पाकिटासारखे. वरचा एक रुपया घातला की आतली रक्कम मनापासून दिल्यासारखी वाटते.

उरलेले एकोणतीस चौकोन मी मुद्दाम रिकामे ठेवले. हा माणूस न वाचलेलं न वाचलेलं म्हणून सांगतो, हे लोकांना दिसायला हवं. फक्त ते निवडताना एवढी काळजी घेतली, की जी पुस्तकं कॉलनीत दुसऱ्या कुणीही वाचलेली असण्याची शक्यता नाही, तेवढीच सोडली.

कॉलनीत माझी ओळख 'ते वाचणारे' अशी आहे. मी पहिल्या मजल्यावर राहतो आणि संध्याकाळी बाल्कनीत पुस्तक घेऊन बसतो, एवढंच त्यामागचं भांडवल. खालून जाणाऱ्याला पुस्तक दिसतं, पान दिसत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बरोबर बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत या भाषाही होत्या, पण आमच्या कॉलनीत त्यांचा उल्लेख टाळला जातो. दर्जा भाषेला मिळाला, पण आमच्याकडे तो प्रत्येकाने व्यक्तिशः स्वीकारला. रंगनाथ पठारे समितीने केंद्रासाठी केलेल्या अहवालात मराठीचं मूळ किती मागे जातं याचे पुरावे आहेत आणि त्यांत हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'ला मोठं स्थान आहे, असं मी सभेत सांगितलं, तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी सप्तशती हा शब्द ऐकून चटकन हात जोडले. त्यांना ती देवीची वाटली. त्या सातशे गाथांत बहुतेक ठिकाणी कोण कुणाला चोरून भेटायला चाललंय याचीच चौकशी आहे, हे मी सांगितलं नाही. जोडलेले हात सोडवायला लावणं बरं दिसत नाही.

अभिजात म्हणजे काय, यावरही चर्चा झाली. सेक्रेटरींचं मत, आपल्या मुलांनी वाचावं असं आपल्याला वाटतं ते अभिजात. पलीकडच्या बिल्डिंगमधले वकीलकाका म्हणाले, लेखक जाऊन ६० वर्षं झाली की कॉपीराइट संपतो आणि पुस्तक अभिजात व्हायला मोकळं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला, "ज्याच्यावर सिरियल येते ते." मी घसा साफ करून म्हणालो, "काळाच्या चाळणीतून जे टिकतं ते!" टाळ्या पडल्या. पण घरी येताना मलाच कोडं पडलं. चाळणीतून खाली पडतं ते टिकलं म्हणायचं की वर राहतं ते? पीठ चाळताना खालचं घेतात आणि कोंडा टाकतात. तांदूळ चाळताना वरचे घेतात आणि कणी खाली पडते. काळ नक्की काय चाळतोय हे कळल्याशिवाय या व्याख्येला अर्थ नाही, आणि मी ती गेली तीस वर्षं वापरतो आहे.

गौरव दिनाच्या सकाळी ग्रंथदिंडी निघाली. गणपतीची पालखी झेंडूने सजवली, आत रेशमी कापडात गुंडाळलेला ग्रंथ ठेवला. दोन टाळ, एक मृदंग, नऊवारीतल्या बायका, सगळं साग्रसंगीत. मैदानात आल्यावर पूजेसाठी कापड सोडलं, तर आत कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. 'ज्ञानेश्वरी' काढून ठेवलेल्या घरातून घाईत दुसरंच पुस्तक उचललं गेलं होतं. क्षणभर शांतता पसरली. मग पूजा झालीच, कारण पंचांगातली वेळ टळून चालली होती. हळदीकुंकू वाहायला पुस्तक उघडलं, तर हळद आधीच होती. अळूवड्यांच्या आसपासची दोन पानं तेलाने एवढी पारदर्शक झाली होती, की मागची कृती पुढून वाचता येत होती. १९७० साली आलेलं हे पुस्तक. वाटी-चमच्याच्या मापाने दोन-तीन पिढ्यांना त्याने जेवू घातलं. जमलेल्या गर्दीतल्या निम्म्या बायकांनी ते खरोखर वाचलेलं, नव्हे, वापरलेलं होतं. आणि शंभराच्या यादीत ते नव्हतं. या गोष्टीवर तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. पण मला माझ्या भाषणाची घाई होती.

मला बोलायला पाच मिनिटं दिली होती. मी पंचवीस घेतली. समोर ठेवलेल्या माझ्या कागदावरचे ७१ सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर केले आणि मी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं. मग प्रश्नोत्तरं. पहिल्या रांगेतली अकरावीतली एक मुलगी उभी राहिली.

"काका, तुम्ही 'रणांगण'वर खूण केलीय. त्याबद्दल थोडं सांगाल?"

'रणांगण'! विश्राम बेडेकर, १९३९. नाव माहीत, साल माहीत. १९३९ म्हटल्यावर दुसरं महायुद्ध, आणि नावातच रण. मी सुटलो. युद्धाची दाहकता, तोफांचा धूर, रणगाड्यांखाली चिरडलेलं तारुण्य, सगळं सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण काका, त्यात तोफ कुठंय? ती तर बोटीवरची गोष्ट आहे. मुंबईला येणाऱ्या बोटीवर एक मराठी माणूस आणि एक ज्यू मुलगी भेटतात."

एखाद्याला दरदरून घाम फुटला असता. मला फुटला नाही, हीच तर माझी शोकांतिका आहे. मी एक क्षण थांबलो, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून म्हणालो, "तेच सांगतोय बाळ. मनातल्या तोफा!"

प्रचंड टाळ्या. वकीलकाकांनी तर "वा!" म्हणून मान डोलावली. एवढ्या गर्दीत टाळ्या न वाजवणारी ती एकटीच होती. ती माझ्याकडे नुसती बघत होती. तो चेहरा रागाचाही नव्हता. भाजीवाल्याने वजनात मारल्याचं लक्षात येऊनही आपण म्हाताऱ्याला काही बोलत नाही, तसा होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी कागद काढला आणि लाल पेनने हिशेब तपासायला बसलो. बायको समोर शेंगा सोलत होती.

"'स्मृतिचित्रे' तरी माझंच आहे," मी म्हणालो.

"अहो, ते मी वाचलंय. लक्ष्मीबाईंची गोष्ट तुम्ही रोज रात्री मला विचारून घेत होतात. मग शेजाऱ्यांना सांगताना 'लक्ष्मीबाई काय लिहितात' म्हणून सुरू करायचात."

खरं होतं. संसारात काही खाती जॉइंट असतात. पैसे एकजण भरतो आणि सहीने दुसरा काढतो. अशी जॉइंट खात्यावरची पुस्तकं १४ निघाली. ती वजा.

सिनेमा-नाटकावर भागवलेली ११. 'बनगरवाडी' मी अमोल पालेकरांच्या सिनेमातून वाचली. 'नटसम्राट' पुस्तक म्हणून हातात कधी धरलं नाही, पण त्यातलं स्वगत म्हणायला लावलं तर बाथरूममध्ये आजही म्हणतो. 'श्यामची आई' मी टीव्हीवर पाहिली. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. तो बघून मी इतका रडलो, की पुस्तक वाचायची गरजच वाटली नाही. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिलं. पाच दिवसांत लिहून झालेलं पुस्तक मला साठ वर्षांत वाचता आलेलं नाही.

शाळेतल्या धड्यांवर चाललेली १३. धडा वाचला की खाली लेखकपरिचय असतो, आणि लेखकपरिचय वाचला की पुस्तक वाचल्यासारखंच असतं, असं मला मनापासून वाटत आलं आहे.

'जोड्या लावा'तून वाचलेली ९. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं साहित्याचं ज्ञान या एका प्रश्नावर उभं आहे. विवेकसिंधू, मुकुंदराज. लीळाचरित्र, म्हाइंभट. यमुनापर्यटन, बाबा पदमनजी, १८५७. डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात पट्टीने रेघ ओढली, की त्या ग्रंथाचा आणि आपला संबंध संपला. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर ही जोडी तर मी झोपेतही लावीन. त्यांच्या यजमानांनी लिहिलेली एकुलती एक कादंबरी मात्र बोटीवर घडते, हे मला अकरावीतल्या मुलीने सांगावं लागलं.

लग्नात आलेली ५. त्यांत 'मृत्युंजय'च्या तीन प्रती होत्या. एक ठेवली, दोन पुढच्या लग्नांत दिल्या. त्यातली एक फिरत फिरत सात वर्षांनी मेहुण्याच्या लग्नात आमच्यासमोर उघडली गेली. पहिल्या पानावर आमची नावं खोडलेली आणि त्याखाली आणखी तीन जोडप्यांची. कर्णाच्या कादंबरीला शोभेल असंच हे नशीब, कागदात गुंडाळून प्रवाहात सोडून द्यायचं आणि ज्याला सापडेल त्याने वाढवायचं. वाढवलं सगळ्यांनी, वाचलं कुणी माहीत नाही.

पुलंची दोन पुस्तकं कॅसेटवर ऐकलेली. पुलंच्या आवाजात ऐकलं तर ते वाचणंच, असा मी अर्धा तास वाद घातला. बायको म्हणाली, "मग कीर्तन ऐकलं की ज्ञानेश्वरी वाचली म्हणा." २ वजा.

आणि अर्धवट सोडलेली ८. त्यांत पहिली 'कोसला'. नेमाड्यांची ही १९६३ ची कादंबरी वाचली नाही असं सांगण्याची हिंमत शिकलेल्या मराठी माणसात नसते. मीही ती कॉलेजात असल्यापासून वाचतो आहे. दर दोन-तीन वर्षांनी जिद्दीने पहिल्यापासून सुरू करतो आणि चाळिसाव्या पानावर काहीतरी होतं. पाहुणे येतात, वीज जाते, एकदा तर माझी बदलीच झाली. आतापर्यंत मी वाचलेल्या पानांची बेरीज केली तर ती 'कोसला'च्या एकूण पानांपेक्षा नक्की जास्त भरेल. फक्त ती सगळी पहिलीच आहेत.

दुसरं 'गीतारहस्य'. आमच्या घरात 'गीतारहस्य' वाचत नसत, ठेवत असत. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिलं आणि १९१५ साली ते छापून आलं, हे मला बाबांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती पेन्सिल आमच्याच घरातून गेली असावी. (आपल्याकडची चांगली पुस्तकं तुरुंगात लिहिली जातात. ती वाचून पूर्ण करायलाही बहुधा तिथंच जावं लागेल.) बाबा मिरज जंक्शनवर पार्सल ऑफिसात क्लार्क होते. मी कथा-कादंबरी हातात धरली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रिकामटेकड्यांचे धंदे! वाचायचंच तर गीतारहस्य वाच." बाबा गेल्यावर कपाट आवरताना ते काढलं. सदतिसाव्या पानावर खूण म्हणून रेल्वेची पार्सलची पावती होती आणि त्यापुढे एके ठिकाणी दोन पानं वरच्या कडेला छापखान्यातून आली तशी जोडलेलीच होती. तिथून पुढे कधी कुणी गेलेलं नव्हतं. मी तेव्हा हसलो होतो. थापा मारण्याचा गुण आपल्यात कुठून आला, याचा छडा लागल्याचं समाधान झालं होतं.

७१ वजा ६२. राहिली ९.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. इथं थोडं विषयांतर करणार आहे आणि ते लांबणार आहे, आधीच सांगतो, कारण सार्वजनिक वाचनालयातलं पुस्तक ही माझी जुनी कमजोरी आहे. छापलेला मजकूर नव्हे, त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला. विकतच्या पुस्तकात लेखक एकटाच बोलतो. वाचनालयाच्या पुस्तकात संसद भरते. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत तिसऱ्याच पानावर खुन्याच्या नावाखाली दोन रेघा आणि 'हाच तो' असा शेरा मी पाहिला आहे. शृंगाराच्या प्रसंगाशेजारी निळ्या शाईत 'छी:' आणि त्याखाली हिरव्या शाईत 'मग वाचता कशाला?' आणि त्याखाली पुन्हा निळ्या शाईत 'संस्थेची वर्गणी भरली आहे.' एका कादंबरीत नायिकेला क्षय होतो तिथं कुणा डॉक्टराने 'ही लक्षणे क्षयाची नव्हेत' असं लिहून खाली औषध सुचवलं होतं. एका पानावर 'पुढचे पान कोणी फाडले?' आणि त्याखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चार जणांनी 'मी नाही' असं लिहून दिलं होतं. एकाने तर सहीसकट.

या सगळ्यांचे शिरोमणी म्हणजे आमच्या वाचनालयातले एक अनुस्वारवाले. ते कोण होते कुणालाच माहीत नाही, त्यांना फक्त त्यांच्या कामावरून ओळखायचं. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार रद्द झाले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'घरांत'चं 'घरात' झालं. बाकीच्यांनी नियम पुढच्या लिखाणाला लावले. अनुस्वारवाल्यांनी ते मागच्यालाही लावले. वाचनालयातली जुनी पुस्तकं एकेक करून घरी न्यायची आणि दाढीच्या ब्लेडच्या टोकाने प्रत्येक फाजील अनुस्वार खरवडून काढायचा. पान उजेडासमोर धरलं की चाळणीसारखं दिसतं. 'कांहीं' या शब्दात दोन भोकं. घाईत कधी ब्लेड आरपार गेलं, तर मागच्या पानावरच्या एखाद्या निरपराध अक्षराचा काना उडालेला. हरिभाऊ आपटे, केतकर, फडके, त्यांनी कुणालाही सोडलं नाही. शेकडो पानं, हजारो टिंबं, मोबदला शून्य. काळाची चाळणी म्हणतात ती मी हातात धरून पाहिली आहे. ती ब्लेडने पाडलेली असते.

तर, विषयावर येतो.

"'रणांगण' आहे का हो?" मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. वर्गणी मी दरवर्षी न चुकता भरतो, वाचनालयाचा सभासद म्हणून सांगता यावं म्हणून. पुस्तक मात्र बऱ्याच वर्षांत नेलं नव्हतं. "दर्जा मिळाल्यापासून गर्दी वाढली असेल," मी उगाच बोललो. "वाढली ना," त्या म्हणाल्या. "दोन जण नवीन आलेत. एक पेपर वाचतात, दुसरे पंख्याखाली बसतात."

शिडी लावून त्यांनी पुस्तक काढलं. जुनी आवृत्ती, खाकी पुठ्ठा, हातभर धूळ. शेवटच्या पानावर डिंकाने चिकटवलेली तारखांची चिठ्ठी होती, दोन रकान्यांची. डावीकडे तारखेचा शिक्का, उजवीकडे सभासद क्रमांक. साठच्या आणि सत्तरच्या दशकातले शिक्के दाटीवाटीने, एकावर एक चढलेले. पुढे पुढे विरळ. शेवटचा १९ जानेवारी २००६. म्हणजे आमच्या भाषेला दर्जा मिळाला, दिंडी निघाली, मी मनातल्या तोफा डागल्या, त्या सगळ्या काळात हे पुस्तक इथं, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, शिडीच्या वरच्या पायरीजवळ उभं होतं आणि कुणी त्याला हात लावला नव्हता. मला राग आला. तो कुणावर काढावा म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. पंख्याखालचे गृहस्थ झोपले होते. जागा असलेला सभासद मी एकटाच होतो.

मग उजव्या रकान्याकडे लक्ष गेलं. ४१२.

४१२ हा माझा नंबर. त्याआधी बाबांचा. ते गेल्यावर सभासदत्व माझ्या नावावर झालं, नंबर तोच राहिला. आणि तो त्या चिठ्ठीवर पाच वेळा होता. १९६३. १९६७. ११ मे १९७४. १९८२. १९९१.

कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे. वाचायचंच तर गीतारहस्य वाच.

१९९१ मध्ये बाबा रिटायर झाले. मे १९७४ मला आठवतो. ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप होता, वीस दिवस चालला. मी नऊ वर्षांचा. बाबा दिवसभर घरात, हा मला सणच वाटत होता. शेजारच्या काकांना पोलीस घेऊन गेले होते, आई दारातला प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होती, नोकरी राहणार की जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा मागच्या खोलीत खिडकीशी पाठमोरे बसून काहीतरी वाचत असायचे. मी जवळ गेलो की पुस्तक उशीखाली जायचं. ते संपाचं पत्रक असणार, अशी माझी आतापर्यंत समजूत होती. उरलेल्या तीन तारखांना काय झालं होतं हे विचारायला आता घरात कुणी नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान गावोगाव धाडलं आणि स्वतः समुद्र एकदाच पाहिला, तोही गणपतीपुळ्याला पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून, तो माणूस अठ्ठावीस वर्षांत पाच वेळा त्या बोटीवर जाऊन आला होता. आणि घरात कुणाला तिकीटही दिसू दिलं नव्हतं.

पुस्तक लहान आहे. रात्री साडेनवाला बसलो आणि अडीचला संपलं. गोष्ट सांगत नाही. माझ्या तोंडून 'रणांगण'ची गोष्ट एकदा ऐकली तेवढी पुरे. एवढंच सांगतो, की चक्रधर आणि हेर्टा ही दोन नावं आता मला कुणाशी जोडी लावण्यासाठी लागणार नाहीत, आणि ज्यांना कुठलाच देश घ्यायला तयार नाही अशा माणसांनी भरलेली ती बोट, नोकरी टांगणीला लागलेला क्लार्क संपाच्या चौथ्या दिवशी वाचनालयातून का घेऊन येतो, ते मला पहाटे थोडंफार कळल्यासारखं वाटलं.

आणि हो, अनुस्वारवाले त्या पुस्तकातही येऊन गेले होते. पहिल्या पानापासून ब्लेड व्यवस्थित चाललेलं. 'बोटींत', 'मनांत', 'कांहीं', सगळीकडे नेटकी भोकं. तीस पानांपर्यंत एकही टिंब सुटलेलं नाही. एकतिसाव्या पानावर अर्ध्यात ब्लेड थांबलंय. त्यापुढे शेवटपर्यंत सगळे अनुस्वार जागच्या जागी, एकालाही धक्का नाही. हरिभाऊंपुढे ज्यांचा हात थरथरला नाही, ते गृहस्थ इथं ब्लेड हातात घेऊन काय करायला बसलो होतो तेच विसरले.

पठारे समितीबद्दल मला आदर आहे, वकीलकाकांच्या साठ वर्षांबद्दलही आहे. पण अभिजात पुस्तकाची याहून चांगली कसोटी मला कुणी दाखवून द्यावी. जे वाचताना आपण काय सुधारायला निघालो होतो याचा विसर पडतो आणि जे पुन्हा घरी नेताना कुणाला सांगावंसं वाटत नाही, ते अभिजात. ज्याच्यावर आपण चौकोनात खूण करतो ते नव्हे, जे आपल्यावर तेलाची, हळदीची, तारखेची काहीतरी खूण ठेवतं ते. या हिशेबाने 'रुचिरा' पालखीत बरोबरच बसली होती.

चार दिवसांनी ती अकरावीतली मुलगी जिन्यात भेटली. मी म्हणालो, "'रणांगण' वाचलं गं."

"आत्ता ना?"

"आत्ताच."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. मग सोडून दिल्यासारखं हसली. "आवडलं?"

"हो. तोफा नव्हत्या."

ती दोन पायऱ्या खाली गेली. तेवढ्यात मी विचारून घेतलं, "'कोसला' वाचलीस का तू? चाळिसाव्या पानानंतर पुढे काय होतं त्यात?"

"काका," ती खालूनच म्हणाली, "एकेचाळिसावं पान येतं."

कागदावरचे ७१ खोडून मी तिथं १० लिहिले आणि कागद सेक्रेटरींकडे परत दिला. त्यांना वाटलं, शून्य चुकून पुढे पडलंय आणि मागचा आकडा राहिलाय. त्यांनी पुस्तिकेत माझ्या नावापुढे १०० छापले. दुरुस्तीची चिठ्ठी मी दोनदा दिली आहे.

'कोसला'चं सध्या ५६ वं पान चालू आहे.